रेझकामावशीचा नियम

इटलीच्या सीमेजवळच्या कानिनच्या पठारावर चढत गेलं की आधी झाडं संपतात, मग गवत संपतं, आणि पुढे नुसता पांढरा, चिरफाळलेला चुनखडक उरतो. त्या खडकात आमच्या पोरांनी खांद्यावरून पत्रे वाहून नेऊन एक खोपटं बांधलंय. दर सप्टेंबरला रेझका म्लेकुझ तिथे मुक्कामाला यायची. गुहेत उतरणारी मंडळी खाली आणि ती वर, असा शिरस्ता. साठी उलटली तरी तिनं आयुष्यात एकदाही गुहेत पाऊल टाकलं नव्हतं. "जमिनीखाली एक दिवस जायचंच आहे, आत्तापासून सराव कशाला?" असं म्हणायची, आणि खाली बोवेत्स गावातल्या हॉटेलात चादरींना इस्त्री करून जी काही सुट्टी साठायची ती सगळी या दगडांवर उधळायची.

तिच्या ताब्यात एक डबा होता. त्याला आम्ही मुक्या म्हणायचो. फोन म्हणा, वायरलेस म्हणा, दहा हात खडक आला की गुडघे टेकतात. पण काही लहरी फार मंद, फार जड असतात, आणि त्या मुंगीच्या पावलानं का होईना, खडकातून पार जातात. त्यांच्यावर माणसाचा आवाज लादता येत नाही. अक्षरं तेवढी मावतात, तीही थोडी. खोपट्यापासून दोन बाजूंना दोन लांब तारा पसरलेल्या, त्यांच्या टोकांना लोखंडी खुंट्या, आणि खुंट्या मातीत ठोकलेल्या. खाली, पार पोटात, मुक्कामाच्या जागी असाच दुसरा डबा. इथे टाइप केलं की तिथल्या बोटभर पडद्यावर उमटायचं आणि तिथलं इथे. खालचा डबा बॅटरी वाचवायला बंद ठेवत आणि ठरल्या वेळीच उघडत, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी.

माती कोरडी पडली की मुक्याचं बोलणं तुटायचं, म्हणून रेझका बटाटे उकडलेलं खारट पाणी फेकत नसे, खुंट्यांच्या मुळाशी ओतायची. पाऊस पडला तर ओतायचीही गरज नसे. आभाळ फाटलं की मुक्या सगळ्यात स्पष्ट बोलायचा. ही गोष्ट तिला कधीच आवडली नाही. खाली पोरं पाण्यात सापडायची वेळ आणि याला वाचा फुटायची वेळ एकच, हे तिला अभद्र वाटायचं.

त्या गुहेचं नाव सासू. आमच्याकडे गुहांना नावं देणारे लोक एकजात टवाळ. आत घेताना गोड आणि बाहेर सोडताना शंभर कटकटी, म्हणून सासू. एकाखाली एक विहिरी, प्रत्येक विहिरीत दोर, आणि खालच्या मुक्कामापासून वर यायला तरण्याताठ्या माणसालाही अख्खा दिवस.

आता नियमाचं सांगतो. फार पूर्वी मुक्या नव्हता, तेव्हा गुहेत टेलिफोनची तार सोडलेली असायची आणि वरच्या टोकाला रेझकाचा नवरा मेतोद बसायचा. खाली विन्को नावाचा एक गडी होता. त्याचा बाप गेला, आणि मेतोदनं भाबडेपणानं ते त्याला तारेवरून सांगितलं. विन्को तडक निघाला. रडत रडत, एकटा चढला, आणि एका विहिरीत दोराला स्वतःला अडकवायचंच विसरला. बाप आणि लेक एकाच दिवशी पुरले. त्यानंतर मेतोदनं डोंगराकडे पाठ फिरवली ती मरेपर्यंत. वरच्या टोकाला रेझका येऊन बसली, आणि बसल्या बसल्या तिनं नियम घातला. मरणाची बातमी जमिनीखाली पाठवायची नाही. माणूस वर आला पाहिजे, त्याच्या पोटात गरम अन्न गेलं पाहिजे, आणि मग बाहेर उजेडात बसवून, तोंडानं सांगायचं.

खालून वर येणाऱ्या बातमीलाही तोच नियम. कुणाला लागलं, हाड मोडलं, तर त्याच क्षणी कळवायचं, कारण जखमी माणसाला मदत लागते. मेलेल्याला लागत नाही. तेव्हा त्याच्याबद्दल ब्रही काढायचा नाही. वरच्यांनी टाहो फोडला तर खाली उरलेल्याला चढायचं बळ कुठून येणार? गप्प राहायचं, वर यायचं, खायचं, मग सांगायचं. पोरांनी नियम मान्य केला. ऐकायला तो क्रूर वाटतो, पण त्यानंतर सासूत कुणी रडत चढून मेलं नाही, हेही खरं.

नियमाचा पहिला फटका लोय्झेला बसला. लोय्झे तेव्हा गुडघे शाबूत असलेला गुहावाला होता. तो खाली असताना त्याचा भाऊ गवत कापता कापता जागच्या जागी गेला. रेझकानं मुक्यावर लिहिलं, "घरी सगळं ठीक. भाऊ गवत कापतोय." लोय्झे वर आला. तिनं त्याला जवाचं दाट सूप वाढलं, वर सॉसेज वाढलं, मग बाहेर बाकावर नेलं आणि सांगितलं. लोय्झेनं हातातली वाटी खडकावर आपटली.

"इतके दिवस तू माझ्याशी धडधडीत खोटं बोललीस?"

"बोलले. म्हणूनच भांडायला जिवंत आहेस."

वर्षभर तो तिचं तोंड बघत नव्हता. मग एक दिवस मेंढीच्या चीजचा अख्खा गोळा घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "घे. भावाच्या मेंढ्यांचंच आहे," एवढंच म्हणाला. गुडघे गेल्यावर तोही खोपट्यात येऊन बसायला लागला. लाकडं फोडायची, ब्लूबेरीची दारू ओतायची आणि रेझकाच्या टोमण्यांना उत्तरं द्यायची, एवढीच त्याची कामं.

रेझकाला एकुलता एक मुलगा, गाश्पर. बापानं पाठ फिरवली तिथेच पोरानं तोंड घातलं. दिसायला आईवर, जिभेनंही आईवर. बोवेत्सच्या चौकात ही मायलेकरं एकमेकांना हाक मारायची तेव्हा नवख्या माणसाला वाटायचं, आता मारामारी होणार. तो तिला 'म्हातारे' म्हणायचा, ती त्याला 'मेल्या' म्हणायची. लाडाचा शब्द दोघांच्याही तोंडून कुणी ऐकला नाही, आणि त्यांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

त्याच्या दोराची जोडीदारीण नेझा, तोल्मिन गावची, अबोल पोरगी. येत्या वसंतात दोघांचं लग्न ठरलं होतं. "हिला बघा, लग्नाआधीच दोन दोन सासवा," असं लोय्झे चिडवायचा, "एक खाली, एक वर. खालची तरी दोर लावू देते." एका मोसमात नेझाचा घोटा मुरगळला, तेव्हा ती खोपट्यातच राहिली आणि रेझकानं तिला मुक्या शिकवला. खुंट्या कशा ठोकायच्या, वेळा कशा पाळायच्या, आणि नियमही.

"खोटं बोलायची वेळ आली तर थोडक्यात बोल," रेझका तिला म्हणाली होती. "लांबण लावलीस की पकडली जाशील. आणि ज्याच्या नावानं लिहायचं, त्याच्या तोंडचं लिहायचं."

नेझानं नुसती मान हलवली होती.

त्या सप्टेंबरात खाली ही दोघंच होती. गुहेचा नवा फाटा सापडला होता, मुक्कामाच्याही खाली आणखी एक विहीर लागली होती, आणि गाश्परच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. मोठा पाऊस उद्या येणार असं हवामानवाले सांगत होते. रेझका सकाळी चहाचं भांडं घेऊन बाहेर आली, तर इटलीच्या बाजूचं आभाळ शाईसारखं झालेलं आणि वारा एकदम पडलेला. पक्षी नाही, मेंढीची घंटा नाही. ती आत धावली आणि लिहिलं, "पाऊस आजच येतोय. मोठा आहे. मुक्काम सोडू नका."

थोड्या वेळानं उत्तर उमटलं. "म्हातारे, दोर खालच्या विहिरीत राहिलाय. तुझं पाणी इथवर यायच्या आत घेऊन येतो. चोंपे उकडायला टाक."

चोंपे म्हणजे आमचे मिठाच्या पाण्यात उकडलेले बटाटे, वर मेंढीच्या दुधाचं मऊ पनीर. गाश्परला गुहेतून वर आल्यावर दुसरं काही चालत नसे.

"मेल्या, दोर गेला खड्ड्यात," तिनं लिहिलं. "बस तिथेच."

पण खालचा डबा बंद झाला होता. तिचे शब्द खडकातून मुंगीच्या पावलानं उतरले आणि उघडा कान न सापडल्यानं तिथेच विरले.

पाऊस आला तो पत्रा फोडायला आल्यासारखा. पठारावर पाणी साचत नाही, हजार भेगांतून खाली पळतं, आणि ते कुठे पळतंय हे रेझकाला ठाऊक होतं. ती खिडकीशी उभी राहून त्या भेगांकडे बघत राहिली. दुपारची वेळ आली. मुक्या गप्प.

"ओलं झालं असेल काहीतरी," लोय्झे म्हणाला. "तारा भिजल्या की—"

"भिजल्या की हा जास्त बोलतो. मला शिकवू नकोस."

लोय्झे लाकडं फोडायला गेला. फोडायची गरज नव्हती, ढीग छताला लागला होता.

संध्याकाळच्या वेळी पडदा उजळला. अक्षरं अशी स्वच्छ आली की रेझकाला वर्षानुवर्षांत तशी आठवत नव्हती. "आम्ही दोघं मुक्कामावर आहोत. विहिरीत पाणी आलंय. ओसरलं की निघू. सगळं ठीक. आई, काळजी करू नकोस. तू कशी आहेस?"

लोय्झेनं आरोळी ठोकली आणि दोन पेले भरले. रेझकानं पेल्याला हात लावला नाही.

"लोय्झे, माझ्या पोरानं मला जन्मात कधी विचारलंय, तू कशी आहेस म्हणून?"

"घाबरला असेल गं. असं पाणी जवळून ऐकलं की माझ्यासारख्या गाढवालाही आई आठवते."

"घाबरला तर तो जास्त शिव्या देतो. बापासारखा नाही तो."

तिनं टाइप केलं, "वर आल्यावर काय खाणार?" आणि हात मांडीवर घेऊन बसली. उत्तराला वेळ लागला.

"काहीही चालेल."

रेझकानं डबा टेबलावर ठेवला, अगदी हळू. कुणाला लागलंय असं लिहिलेलं नव्हतं. मदत पाठवा असं लिहिलेलं नव्हतं. मदत लागत नाही अशी दोनच माणसं असतात, एक धडधाकट, आणि दुसरं कोणतं हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं.

"सरळ विचार ना तिला," लोय्झे शेवटी म्हणाला. तोही आता 'त्याला' म्हणत नव्हता. "विचार आणि मोकळी हो. नाहीतर बोवेत्सला कळवू, माणसं बोलावू."

"माणसं येऊन काय करतील? विहिरीत पाणी आहे, उतरणार कसे? आणि विचारलं, तिनं खरं सांगितलं, की मग? पोरगी तिथे अंधारात एकटी. खोटं बोलतेय म्हणून उभी आहे ती. तेवढा एकच दोर आहे तिच्या हातात. तो मी कापू?"

रेझकानं पुन्हा डबा ओढला. पोरीला संशय येऊ द्यायचा नव्हता, म्हणजे नेहमीसारखंच लिहायला हवं होतं, म्हणजे शिवी हवी होती. तिनं पहिलं अक्षर उमटवलं आणि बोट थांबलं. इतकी वर्षं उठता-बसता तोंडात असलेला शब्द, आणि आज तो लिहिताना तिला शिसारी आली. पण गाश्परला त्याच्या आईनं शिवी दिली नाही, तर नेझाला सगळं कळणार होतं.

"मेल्या, काहीही म्हणजे काय? इथे हॉटेल उघडलंय का? मोजे वाळव आणि झोप."

तिनं पाठवलं आणि मग तोंडात एप्रनचा बोळा कोंबून रडली. लोय्झे पावसात बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसरा दिवस असाच गेला. पाऊस रेंगाळत राहिला, मुक्या एखाद्या पोपटासारखा स्पष्ट बोलत राहिला. "पाणी थोडं उतरलं." "दोघंही ठीक." "झोप झाली." रेझका प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायची, टोमणे मारायची, गाश्परला दोष द्यायची, नेझाला सांगायची की याला नीट खाऊ घाल. लिहिताना तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली. इतकं सहज जमत होतं ते. तारेवरच्या टेलिफोनवर असतं तर पहिल्याच शब्दाला दोघींचे गळे भरून आले असते आणि सगळं फुटलं असतं. मुक्याला गळाच नव्हता. तिथे कोण बसलंय, एक का दोन, रडतंय का थरथरतंय, काही कळू द्यायचा नाही मेला.

आणि मग संध्याकाळी हे आलं. "म्हातारे, काहीही नको. चोंपेच कर. पनीर मागच्या वेळेसारखं मोजून मापून वाढू नकोस, कंजूस कुठली."

रेझका उठून उभी राहिली. तिनं ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं.

"बघ! बघ!" लोय्झेनं तिला दोन्ही दंडांना धरून हलवलं. "तोच आहे! दुसऱ्या कुणाला ही भाषा येते? काल घाबरला होता नुसता. तू उगाच जिवंत पोराला मारून बसलीस!"

"कंजूस म्हणतो मला," रेझका म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी कंजूस! अर्धी मेंढी खातो मेला आणि मी कंजूस!"

या वेळी शब्द सहज निघाला. तिनं पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला. मग तिला एक जुनी संध्याकाळ आठवली, सुजलेल्या घोट्यावर ओलं फडकं ठेवून बसलेली एक अबोल पोरगी आठवली, आणि तिला आपण काय शिकवलं होतं तेही आठवलं. ज्याच्या नावानं लिहायचं, त्याच्या तोंडचं लिहायचं. तिनं ती आठवण जोरानं मागे ढकलली. पोत्यातून बटाटे काढले, एकसारखे, मध्यम आकाराचे, गाश्परला आवडतात तसे. सकाळसाठी बाजूला ठेवले. दोघांना पुरतील एवढेच.

सकाळी आभाळ धुऊन निघालं होतं, खडकातून वाफा निघत होत्या. "निघतोय," असं आलं. "मुक्या इथेच ठेवतोय." त्यानंतर काही येणार नव्हतं. चढायला लागलेल्या माणसाकडून काही येत नाही. लोय्झे काठी घेऊन सासूच्या तोंडाशी जाऊन बसला. तिथे दोर ओढायला आणि ओझं घ्यायला कुणीतरी लागतंच. तोंड खोपट्यापासून दूर नव्हतं, पण मध्ये खडकाचा एक उंचवटा होता आणि त्यापलीकडलं दिसत नसे.

रेझकानं दिवसभर खोपटं झाडलं. बाकावरची चादर काढून पुन्हा घातली, तिची घडी इस्त्री केल्यासारखी बसवली. दुपार कलल्यावर बटाटे उकडायला टाकले, पनीर कुस्करलं, आणि टेबलावर दोन वाट्या मांडल्या. पनीर सढळ हातानं वाढलं. बटाट्याचं पाणी गाळून सवयीनं बाहेर नेलं आणि खुंटीच्या मुळाशी ओतलं. ओतताना तिच्या लक्षात आलं की खाली आता वाचायला कुणी नाही. तिनं मान वर केली तेव्हा धुकं चढायला लागलं होतं, आणि उंचवट्यावरून माणसं उतरत होती.

दोन जण होते. तिघं यायला हवी होती.

पुढे गुहेत घालायचा लाल पोशाख घातलेली नेझा, चिखलानं माखलेली, एक पाय ओढत. मागे लोय्झे, टोपी हातात धरून. तो वाटेत दोनदा थांबला आणि दोनदा परत चालू लागला. रेझका त्यांना सामोरी गेली नाही. ती आत गेली आणि टेबलाशी उभी राहिली.

नेझा दारात आली. तिची नजर दोन वाट्यांवर पडली आणि तिचं तोंड उघडलं.

"मावशी, मी—"

"आधी खा," रेझका म्हणाली.

"मावशी, मला सांगू द्या, मी तुमच्याशी—"

"नियम माहीत आहे ना तुला? मीच शिकवलाय. बस. खा."

पोरगी बसली. तिची बोटं इतकी सुजली होती की चमचा धरवत नव्हता. रेझकानं बटाटे तिच्यासाठी मोडले, पनीर कालवलं, चमचा तिच्या मुठीत दिला. नेझा खाऊ लागली. लोय्झे बाहेरच थांबला, दाराच्या चौकटीला टेकून, पाठमोरा. खोपट्यात फक्त चमचा वाटीला लागायचा आवाज होता. रेझका समोर बसून त्या पोरीच्या जबड्याकडे बघत होती. जोवर ती चावत होती तोवर कुणी काही बोललं नव्हतं, आणि कुणी काही बोललं नव्हतं तोवर गाश्पर कुठेतरी वाटेत होता, मागे राहिलेला, दोर गुंडाळणारा, शिव्या घालणारा.

वाटी संपली. नेझानं चमचा ठेवला.

रेझकानं दुसरी वाटी तिच्यासमोर सरकवली.

"हीही खा."

नेझानं वर बघितलं. तिच्या गालांवरच्या चिखलातून दोन स्वच्छ रेघा उतरल्या होत्या. तिनं चमचा परत उचलला आणि गाश्परचे बटाटे खायला सुरुवात केली. घास उतरत नव्हता, तिला उमाळे येत होते, तरी ती खात राहिली, रेझका समोरून हलेना म्हणून.

तीही वाटी संपली. रेझकानं पातेलं तिरकं करून आत बघितलं. तळाशी काही उरलं नव्हतं. तिनं पातेलं उपडं घातलं, हात एप्रनला पुसले, पोरीला काखेत धरून उठवलं आणि बाहेर बाकावर आणून बसवलं. धुकं विरळ होत होतं, अजून पुरेसा उजेड होता.

ती नेझाच्या शेजारी बसली, आणि तिचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आता सांग," रेझका म्हणाली.